शनिवारचा खड्डा, रविवारची जमीन

"टेप ताणून धरा, भाऊ," मी म्हणालो आणि खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसलो.

टेपचं दुसरं टोक ढोबळेभाऊंच्या हातात होतं. त्यांची नोकरी त्या खड्ड्यावर टांगलेली होती आणि माझं लक्ष मात्र आकाशात. कारखान्याच्या अर्धवट बांधलेल्या चिमण्यांच्या मागे सकाळचा फिकट चंद्र राहून गेला होता. त्याच्या अंगावरचे खड्डे कोण मोजत असेल, त्याला टेप कोण धरून देत असेल, असलं काहीतरी माझ्या डोक्यात चाललं होतं. मी पहिल्यापासून असाच, अर्धा कामावर आणि अर्धा कुठेतरी.

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. सगळीकडे लाल धूळ. ऊन त्या धुळीतून गाळून यायचं आणि माणसं लांबून तरंगल्यासारखी दिसायची. मी रायपूरचा, नवा ज्युनियर इंजिनियर, अजून प्रोबेशनवर. ढोबळेभाऊ क्रेन ऑपरेटर. नागपूरकडचे, रेल्वेतली जुनी नोकरी सोडून इथे आलेले. ही गेली तर क्वार्टर जाणार आणि रेल्वे काही परत घेणार नव्हती.

आमच्या यार्डात लोखंडाचे थिजलेले मोठे गठ्ठे फोडायचे असत. त्यासाठी क्रेनने पाच टनांचा पोलादी गोळा उचलायचा आणि गठ्ठ्यावर सोडायचा. गोळा क्रेनवरच्या लाल पट्ट्याच्या, म्हणजे पंचवीस फुटांच्या वर न्यायचा नाही, हा नियम. त्या शनिवारी सकाळी क्रेन फिरत असताना गोळा अडकवायचा हूक आपोआप सुटला. गोळा बाजूच्या कच्च्या रस्त्यावर आदळला आणि दगड उडून मजुरांच्या शेडचा पत्रा फाटला. शेड रिकामी होती म्हणून बरं.

"ऑपरेटरने गोळा पट्ट्याच्या वर नेला होता," यार्डाचे प्रमुख सहस्रबुद्धे साहेब म्हणाले. "त्याशिवाय एवढा खड्डा पडत नाही. उंची काढा. जास्त निघाली तर त्याला घरी पाठवतो."

मी भाऊंना विचारलं. ते म्हणाले, "पट्ट्याच्या खालीच होता जी. लोण्यात शिरल्यावानी शिरला गोळा. कावून शिरला, मले काय माहीत!"

लोणी मी वहीत लिहिलं नाही. तो काही आकडा नव्हता.

खड्ड्यावरून उंची काढायची साधी रीत म्हणजे तोच गोळा, तशाच जमिनीवर, ठाऊक असलेल्या उंचीवरून सोडायचा आणि दोन्ही खड्डे ताडून बघायचे. यात एक गंमत आहे. उंची दुप्पट केली तरी खड्डा दुप्पट रुंद होत नाही, जेमतेम पाचव्या हिश्श्याने वाढतो. उलटं बघितलं, तर खड्ड्यातला थोडासा फरकही उंचीत केवढा तरी मोठा होऊन बसतो.

रविवारी दुपारी यार्ड बंद होतं. क्रेनचा हूक बदलून घेतला आणि त्याच रस्त्यावर, दहा पावलं पुढे, बरोबर पंचवीस फुटांवरून गोळा सोडला. शनिवारचा खड्डा पाच फूट रुंद होता. हा सव्वाचारही भरला नाही. हिशेब केला तर शनिवारची उंची जवळजवळ पन्नास फूट निघाली. उत्तर इतकं नीटस आलं की मला फार आनंद झाला. त्या आनंदाची आज लाज वाटते. संध्याकाळीच साहेबांच्या बंगल्यावर रिपोर्ट देऊन आलो.

सोमवारी सकाळी उगाच त्या खड्ड्यांपाशी रेंगाळत होतो. फुलबाई नावाची रेजा, म्हणजे मजूर बाई, डब्याने रस्त्यावर पाणी मारत आली. रस्ता गडद होत गेला, मातीचा वास सुटला. मी त्या वासात हरवलो होतो. चालताना बूट रुतला, तेव्हा जागा झालो.

"रोज मारतेस पाणी?"

"रोज, बाबू. धुर्रा झन उड़य कहिके. इतवार के छुट्टी रइथे, तेन दिन नइ डारन."

धूळ उडू नये म्हणून रोज पाणी, आणि सुट्टीच्या रविवारी पाणी नाही! एप्रिलच्या उन्हात दीड दिवस तापून जमीन खापरासारखी झाली होती. शनिवारी गोळा ओल्या रस्त्यावर पडला आणि मी त्याची तुलना खापराशी केली.

धावत साहेबांकडे गेलो. भाऊंच्या चार्जशीटचा कागद टाइपरायटरवर चढलेला होता.

"साहेब, रिपोर्ट चुकलाय. ओल्या जमिनीवर पुन्हा टेस्ट घेऊ द्या."

"प्रोबेशनवर आहात, लक्षात आहे ना? चूक लेखी द्यावी लागेल."

"देतो."

त्याच ओल्या रस्त्यावर, त्याच पंचवीस फुटांवरून गोळा पुन्हा सोडला. टेप या वेळी साहेबांनी स्वतः धरली. पाच फुटांवर एक बोट जास्त. म्हणजे शनिवारी गोळा पट्ट्याच्या खालीच होता. टाइपरायटरवरचा कागद त्यांनी स्वतः ओढून काढला. माझी चूक माझ्याच अक्षरात फाइलला लागली आणि माझं पक्कं होणं सहा महिने लांबलं.

संध्याकाळी भाऊंना गाठलं. वाटलं होतं, आभार मानतील. ते डबा बांधत होते.

"मी तं पयल्याच दिवशी सांगितलं होतं ना जी, लोण्यात शिरल्यावानी शिरला म्हणून. तुमी लिहिलं कावून नाही?"

त्यानंतर नोकरीत खूप खड्डे मोजले. प्रत्येक वेळी टेप उलगडण्याआधी गोळा पडताना पाहणाऱ्याचं म्हणणं वहीत उतरवून घेतलं, त्यात लोणी आलं तरी.