तिसरी हाक

घाटंजीच्या घरात, मागच्या खोलीत बसून मी लोकांच्या मेंदूची साल नीट करते. एमआरआयच्या चित्रांवरून कॉम्प्युटर मेंदूच्या वरच्या थराच्या सगळ्या घड्या आखतो आणि थराची जाडी मोजतो. त्याची रेघ चुकून कवटीच्या अस्तरात घुसली की ती मी हाताने दुरुस्त करते. चित्रांना नावं नसतात, चेहरे आधीच पुसलेले असतात. त्यामुळे कुणाचं काही मनाला लावून घ्यायचा प्रश्न येत नाही.

मग आईचं स्कॅन आलं. बाबा गेल्यापासून ती परसात कुणाला तरी ओ द्यायला लागली होती. तुरीच्या शेंगा सोलता सोलता मध्येच "हव, आली" म्हणायची आणि उठायची. मेंदू झिजत तर नाही ना, बघून घेऊ, असं डॉक्टर म्हणाले. यवतमाळला स्कॅन केलं. मला कुठला धीर! रिपोर्ट यायच्या आतच ते चित्र मी माझ्या प्रोग्रामला घातलं.

त्याने नाकी नऊ आणले. डाव्या कानामागे थराला भोक पडलं. ते बुजवलं, तर कपाळाकडची रेघ अस्तरात शिरली. ती पुसली, तर मागे फुगवटा आला. जाडी सगळीकडे कमी. शेवटी दुरुस्ती सोडून मूळ चित्रच मोठं केलं. प्रत्येक कडेमागे तीच कड पुसट उमटली होती, सारवणातल्या बोटांच्या रेघांसारखी. डोकं हललेलं होतं. हललेल्या चित्रात चांगला थरही पातळ दिसतो, हे मी नवख्यांना शिकवते. आईच्या वेळी मात्र माझी अक्कल गहाण पडली.

"माय, मशीनमधी हालली काहून?"

"तुये बाबा हाक मारत होते. मी मान हालवून हव म्हणून राह्यलती."

मशीनच्या त्या धडधडीत कुणाची हाक ऐकू येणं शक्यच नव्हतं. घाबरले, म्हणून चिडले. "तूच सांगे न लहानपणी, भूत दोनदाच हाक मारते, तिसरी हाक माणसाची? आता पुन्हा स्कॅन करू, तवा कोणी कितीही हाका मारो, हालू नको."

दुसऱ्या स्कॅनची रेघ पहिल्याच फेरीत बसली. कुठे भोक नाही, जाडी वयाला शोभेल अशी. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. मी धावत परसात गेले. "माय, डोकं ठणठणीत हाय तुयं!"

ती शेंगा सोलत राहिली. "तू सांगतलं म्हणून हालली नाही. त्यायनं तीनदा हाक मारली वं. तिसरी तर माणसाची असते न." मग हळूच म्हणाली, "तवापासून हाक बंद हाय."

आत येऊन मी चित्र पुन्हा उघडलं. एकही कड पुसट नव्हती. तिने मान तसूभरही हलवली नव्हती. मी तिथेच बसून रडले.

त्यानंतर मी हाक मारली तरी ती लगेच यायची नाही, तिसरीची वाट पाहायची. काल दिवेलागणीला चहासाठी हाक मारली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तोंड उघडणार, तोच ती दारात उभी. किती दिवसांनी हसत होती.

"तिसऱ्या हाकेलेच आली न मी," म्हणाली.

मी दोनदाच मारली होती. अंगावर काटा आला, आणि खरं सांगते, जीव हलकाही झाला. मी चहा गाळला. तिला काही सांगितलं नाही.