अण्णांना पाणी दाखवायला

पूर येतोय म्हणून सगळी वस्ती बाहेर पडत असताना धपाट्यांचा डबा घेऊन आत शिरलेलं कुटुंब बदलापुरात एकच आहे. ते आमचं.

आम्ही मूळचे लातूरकडचे. नोकरीमुळे इथल्या खरवईत फ्लॅट घेतला, त्याला तीन वर्षं झाली. टँकरमागे कळशी घेऊन धावण्यात लहानपण गेलेलं, त्यामुळे प्रेक्षणीय स्थळ कशाला म्हणायचं यावर आमच्या घरात कधी मतभेद झाले नाहीत. जिथे पाणी दिसतं, ते! (नातेवाईक महाबळेश्वरचे फोटो पाठवतात, आम्ही बारवी धरणाचे.)

माझे वडील, अण्णा, आई गेल्यापासून गावी एकटेच राहायचे. गेल्या हिवाळ्यात तापाने फणफणले होते आणि आम्हाला कळलं ते बरे झाल्यावर. तेव्हापासून गावाकडचा फोन आला की मी पहिल्याच रिंगला झडप घालायचो. म्हणून यंदा त्यांना आग्रह करकरून आणलं. आता परत पाठवायचं नाही, असं मी आणि माझी बायको मनीषा, आम्ही ठरवूनच टाकलं होतं.

अण्णांनी मात्र काही ठरवलं नव्हतं. अंबरनाथच्या शिवमंदिरात नेलं, तर ते कोरीवकाम सोडून शेजारच्या नाल्याकडे बघत राहिले. "बारमाही हाय का हे?" उल्हासनगरला कॅम्प पाचच्या बाजारात कपडे घ्यायला नेलं. दुकानदाराने "चाचा, पहनके तो देखो!" म्हणत पुढ्यात पँटींचा ढीग रचला. अण्णा म्हणाले, "एवढ्या पँटी घालून मी जाणार कुटं?" आणि तिथून घरी येताना गाडीतच सांगून टाकलं, "सोमवारी गावाकडं निघतो."

माझ्या हातात फक्त रविवार उरला.

"अण्णा, उद्या उल्हास नदी दाखवतो," मी म्हटलं. "पोटभर!"

रविवारी सकाळी आम्ही नदीकाठच्या मांजर्लीकडे निघालो. आठवडाभर पाऊस कोसळत होता. समोरून गाड्यांची रांगच्या रांग येत होती.

"सगळे तिकडून इकडेच का येतायत?" मनीषाने विचारलं.

"रविवार आहे. लोक फिरायला निघालेत."

"नदी सोडून?"

"घरासमोरच्या गोष्टीची कुणाला किंमत नसते," मी तत्त्वज्ञानाच्या सुरात म्हणालो.

आत गेलो तर काय, गल्ली मोकळी! बदलापुरात कधी नव्हे ती पार्किंगला जागा! मी गाडी अगदी नदीच्या बाजूला, मनासारखी सरळ लावली. एका जिन्यातून दोघे जण स्कूटर उचलून वर नेत होते. मागून एक बाई गॅसची शेगडी घेऊन चालली होती.

"इथली माणसं वस्तूंना फार जपतात," मी अण्णांना माहिती दिली.

गल्लीच्या टोकाला नदी दिसली आणि अण्णा जागीच थांबले. या काठापासून त्या काठापर्यंत नुसतं गढूळ तांबडं पाणी! त्यांनी हात जोडले. मग एका बुटक्या भिंतीवर बसून म्हणाले, "काढ डबा."

पहिलं धपाटं संपेपर्यंत माझ्या चपला ओल्या झाल्या. दुसरं हातात घेतलं, तेव्हा एक चप्पल निघून चालली होती.

"अहो," मनीषाचा आवाज चिरका झाला, "नदी पुढे आली का?"

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून एक काकू आगरीत ओरडल्या, "आरं, खुलं झालाव काय? पानी येतंय वर! कुठले तुमी?"

"इथलेच आहोत! खरवईचे!" मी अभिमानाने ओरडलो.

"मंग तर लाज वाटाला पायजे! गारी कारा ती!"

गाडी! मी धावलो. चाकं अर्धी पाण्यात होती. मी चावी फिरवली. गाडी घुरघुरली, शिंकली आणि तिने मान टाकली. पुन्हा फिरवली. दारातून पाणी आत येऊन माझ्या पायांपाशी बसलं. मी स्टिअरिंग धरून गजाननाचा धावा करू लागलो.

"गाडी मरू दे!" मनीषा किंचाळली. "अण्णांना धरा!"

मी वळून पाहिलं. अण्णा अजून भिंतीवरच बसले होते, गुडघ्याएवढ्या पाण्यात पाय सोडून! त्यांचे गुडघे आधीच गेलेले, त्यात पाण्याला ओढ. आयुष्यभर पाण्याची वाट बघितलेल्या माणसाला आपण पाण्यातच घालवतो की काय, या विचाराने मी गाडी सोडून धावलो.

"अण्णा, उठा! पाठीवर बसा माझ्या!"

"तुझ्या?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

मी जोशात पुढे पाऊल टाकलं. तिथे गटार होतं. (झाकण आधीच वाहून गेलं होतं. त्या गल्लीतून वेळेवर निघालेलं ते शेवटचं वाहन.) मी छातीपर्यंत आत गेलो. "अण्णाऽऽ!" एवढंच तोंडून निघालं.

पुढच्या क्षणी माझी कॉलर ताणली गेली. गुडघे गेलेल्या अण्णांनी भिंतीला रेलून एका हाताने मला वर ओढलं होतं! दुसऱ्या हातात डबा तसाच. वर झाकणसुद्धा लावलेलं. मग एका बाजूने मनीषाला आणि दुसऱ्या बाजूने मला धरून ते जिना चढले.

काकूंनी दार उघडून आधी शिव्या दिल्या, मग टॉवेल, मग चहा. आम्ही गॅलरीत उभं राहून गाडी बुडताना पाहिली. हेडलाइट आपोआप लागले, हॉर्न वाजू लागला आणि हळूहळू तोही बंद पडला. अण्णा काकूंना धपाट्यांत तीळ किती घालायचे ते समजावत होते. मी मात्र त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो. आता कसले राहतायत! उद्या पहिल्या गाडीने जाणार आणि पुन्हा बदलापूरचं नावही काढणार नाहीत.

संध्याकाळी पाणी उतरायला लागलं. अण्णांनी खिशातला मोबाइल पुसला आणि गावी शेजारच्या तात्यांना फोन लावला. मी कान टवकारले.

"तात्या, मी काय उद्या येत न्हाय. घराची चावी तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे. किती दिवस? आता हितंच ऱ्हातो बग." मग माझ्याकडे बघत त्यांनी आवाज जरा खाली घेतला. "न्हाय रे, पानी लई हाय, त्याचं काय न्हाय. पोरगं एकटं सोडन्यासारखं ऱ्हायलं न्हाय."

मनीषाने तोंडात पदर कोंबला. काकूंना तेवढाही धीर धरवला नाही, त्या खो खो हसत सुटल्या.

अण्णा राहिले. लोक विचारतात, "वडील इथे कसे काय रमले?" मी सांगतो, मुलावर जीव आहे त्यांचा. आणि अण्णा बाजूला बसलेले असले की म्हणतात, "व्हय. त्याचा जीव हाय तवर."