व्हय म्हाराजा न म्हणणारी अकरा माणसं

२ जून. माझं बसस्टॉपजवळ झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. वर्षातून एकदा कॉम्प्युटरवरच्या जुन्या फायली पुसायच्या, हे काम आज काढलं. लोक आपले सातबारे, दाखले, पासपोर्ट फोटो माझ्याकडे टाकून जातात आणि विसरतात. सकाळपासून चारशेच्या वर फायली पुसल्या. प्रभाबायच्या नावाचं फोल्डर मात्र ठेवलं. दुपारी तिचे दीर जगूभाई येऊन गेले, त्यानंतर तर ते पुसायचा प्रश्नच नाही. ते कशाला आले होते ते पुढे सांगेन. आधी प्रभाबाय कोण होती ते सांगायला हवं, कारण रविवारी शाळेत तिची शोकसभा आहे आणि तिथे जिच्याबद्दल बोलतील ती बाई कोणी दुसरीच असणार.

आमच्या वाडीत मोबाइलला रेंज नाही; खाली बसस्टॉपवर आहे, पण माझ्या दुकानातल्या गर्दीत बसून तिला शिकायचं नव्हतं. वाडीजवळ रेंज मिळते ती वर सड्यावर, डोंगरमाथ्यावरचा कातळ संपून काजी, म्हणजे काजूची झाडं, सुरू होतात तिथे. शनिवारी आणि रविवारी चारच्या सुमारास प्रभाबाय इस्त्रीची साडी नेसून, एका हातात प्लॅस्टिकची खुर्ची आणि दुसऱ्या हातात छत्री घेऊन सडा चढायची. मोबाइल काजीच्या बेचक्यात अडकवायची आणि वर्गाला बसायची. वय चौसष्ट. मुंबईतल्या एका संस्थेचा सहा महिन्यांचा ऑनलाइन वर्ग होता, ‘धर्म, संस्कृती आणि सामाजिक न्याय’ असं नाव होतं. साठेक जण असायचे. बहुतेक जण कॅमेरा बंद ठेवायचे, हिचा कायम चालू. मागून शेळ्या जायच्या, एकदा तर एक शेळी वहीच ओढायला लागली आणि अख्ख्या वर्गाने ते पाहिलं. मी म्हटलं, “बंद कर गो कॅमेरा, सगळे करतात.” ती म्हणाली, “लोकांच्या घराक जावन पाठ करून बसतत काय कोण? माका जमाचा नाय.”

एकतीस वर्षं तिने अंगणवाडी चालवली. माझी दोन्ही मुलं तिच्या हाताखालून गेली. निवृत्तीचे कागद स्कॅन करायला आली होती तेव्हा माझ्या स्क्रीनवर या वर्गाची जाहिरात तिला दिसली. “ह्या काय गो?” मी वाचून दाखवलं आणि म्हटलं, “सहा महिने आहे प्रभाबाय. शेवटी सर्टिफिकेट मिळतं.” “सर्टिफिकेट तू ठेव,” ती म्हणाली, “माका आतला व्हया.” फॉर्म मीच भरला. ‘वर्गात का यायचं आहे’ या रकान्यात काय लिहू म्हणून विचारलं तर म्हणाली, “लिही, चाळीस वरसां ऐकान घेतलंय, आता इचारूचा आसा.”

विचारायची मात्र खरंच. स्क्रीनवरचं हात वर करायचं बटण तिने कधी दाबलं नाही, खराखुरा हात वर करायची, आणि कोणी बघितलं नाही तर बोलायला लागायची. मालवणीत. तिसऱ्या आठवड्यात शिकवणाऱ्या मॅडम अगदी गोड आवाजात म्हणाल्या, सगळ्यांना कळावं म्हणून प्रमाण मराठीत बोलाल का? हिने अस्खलित प्रमाण मराठीत उत्तर दिलं, “मॅडम, ओरोसच्या जिल्हा परिषदेच्या ऑफिसात मी एकतीस वर्षं अशीच बोलत आले. तिथे मला काम करून घ्यायचं असतं.” आणि लगेच, “हंय माका शिकाचा आसा. शिकताना मी अशीच बोलतंय.” त्यानंतर तिला कोणी अडवलं नाही. पुण्याची एक मुलगी एकदा म्हणाली की ग्रामीण स्त्रीला आवाजच नसतो. प्रभाबाय म्हणाली, “माझो आवाज ह्या सड्यावरसून खाली व्हाळापर्यंत ऐकाक जाता, बाय. घोव जितो होतो तेव्हा रोज म्हणी, गो जरा हळू, शेजारी जेवतत.” मुलगी हसली. प्रभाबाय हसली नाही.

वर्गात एक काम दिलं होतं: आपल्या नसलेल्या धर्माच्या जागी जाऊन या, बघा. बाकीच्यांनी काय केलं मला माहीत नाही, ही आमच्याकडे मासे घेऊन येणाऱ्या फिलोमिनाबरोबर रविवारच्या प्रार्थनेला चर्चमध्ये गेली. परत येताना दुकानात टेकली. चेहरा असा की काहीतरी सापडलंय. “फादराक इचारलंय, ही घंटा कोण वाजवता? फादर म्हणालो, जो आधी येता तो. मगे मी वाजवलंय.” चहा घेतला. मग म्हणाली, “नंदा, आमच्याकडे राखणेचा गाऱ्हाणा कोण घालता गो?”

मी म्हटलं, “कोण घालणार? पुरुष.”

“कित्या?”

मी झेरॉक्स मशीनकडे वळले. मला गिऱ्हाईक होतं.

बाहेरच्या वाचकासाठी सांगते. आमच्याकडे जमिनीचा एक राखणदार असतो. त्याला वर्षातून एकदा नारळ आणि कोंबडा द्यायचा, याला राखण म्हणतात. त्या वेळी एक जण मोठ्याने देवाला सगळं सांगतो, घरातल्या माणसांची नावं घेतो, सुखी ठेव म्हणतो. ते गाऱ्हाणं. त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं. त्याशिवाय ते पुरं होत नाही. प्रभाबायच्या काजूच्या बागेत तिचा नवरा असेपर्यंत तो गाऱ्हाणं घालायचा, तो गेल्यावर तिचे दीर जगूभाई घालू लागले. चौदा वर्षं त्यांनी घातलं. त्यात मेलेल्या भावाचं नाव असायचं, स्वतःचं, स्वतःच्या मुलांचं, मुंबईतल्या पुतण्यांचंही. ज्या बाईने ती बाग लावली तिचं नाव एकदाही नाही. चौदा वर्षं आम्ही सगळे त्याला व्हय म्हणत होतो.

गेल्या वर्षी हंगामाच्या आधी प्रभाबायने दिरांना सांगितलं. मी तिथेच होते, काजू मंडळाचा कुठलासा अर्ज सहीला घेऊन गेले होते.

“भावजी, औंदा राखणेचा गाऱ्हाणा मी घालतलंय.”

जगूभाई सुपारी कातरत होते. “वैनी, बायलमाणसान गाऱ्हाणा घातलेला कधी ऐकलास?”

“नाय ऐकलंय. म्हणानच घालतलंय.”

ते चिडले नाहीत. ते चिडत नाहीत, हीच त्यांची पद्धत. अडकित्ता खाली ठेवला आणि म्हणाले, “घाल की. तोंड तुझा आसा. व्हय कोण म्हणता ता बघूया.”

घरी जाताना प्रभाबाय मला म्हणाली, “एकान जरी म्हटल्यान तरी झाला गो. एक व्हय म्हणजे गाऱ्हाणा पुरा.” तिला तेवढंच हवं होतं. जमीन तिच्या नावावर होतीच, ती कोणी मागत नव्हतं. आपल्या बागेच्या देवाशी आपण बोलावं आणि गावातल्या एका माणसाने त्याला व्हय म्हणावं.

राखणेच्या दिवशी तिला सोडून आम्ही अकरा जण होतो. वर्गासाठी म्हणून तिने मला मोबाइलवर सगळं चित्रित करायला सांगितलं होतं. नारळ हातात घेऊन ती उभी राहिली. एकही शब्द न चाचरता सुरुवात केली. “बा म्हाराजा, ह्या जाग्याच्या राखणदारा, आज तुका जो काय मान दिलंय तो गोड करून घे म्हाराजा.” आणि थांबली.

कोणी बोललं नाही.

ती थांबायची तेवढी थांबली आणि पुढे गेली. “ही झाडां मी, प्रभावतीन, लावलंय. तीन वरसां व्हाळावरसून कळशेन पाणी हाडलंय. ता तुका म्हायत आसा म्हाराजा.” थांबली. “हंय बोंडां येचूक येतत त्या सगुणाची, पार्वतीची, बौद्धवाडीतल्या रेश्माची, त्यांच्या लेकरांची राखण कर म्हाराजा.” पुन्हा थांबली. प्रत्येक वेळी अगदी तेवढीच, जितका वेळ आमच्या व्हयला लागला असता. पुढची दोन वाक्यं दिरांच्या घरासाठी होती. तिने त्यांचं नाव घेतलं, त्यांच्या मुलांचं घेतलं, सुनांचीही घेतली. जगूभाई हात बांधून समोर बघत होते. सुरुवातीला एकदा त्यांनी आमच्या सगळ्यांवरून नजर फिरवली होती, तेवढंच.

मी काय केलं? मी मोबाइल धरला होता. हात गुंतले होते, तोंड मोकळं होतं. माझ्या दुकानाचा गाळा जगूभाईंचा आहे. दुसरं काही कारण शोधायचा प्रयत्न मी पुष्कळ केला, सापडलं नाही.

तिने नारळ फोडला. आणि व्हय न म्हणणारी ती अकरा माणसं दुपारी तिच्याच पडवीत वडे-सागोती खायला बसली. एकही उठून गेलं नाही. मीही बसले. तिने स्वतः वाढलं. वाढताना म्हणाली, “आता उघडली मा तोंडां?” दोघं-तिघं हसले. जगूभाईंनी आणखी रस्सा मागून घेतला.

आठ दिवसांनी तिने ते चित्रण वर्गात दाखवलं. त्या दिवशी तिला सड्यावर चढवेना, गुडघा सुजला होता, म्हणून ती माझ्या दुकानात बसली आणि मी ते सगळं ऐकलं. चित्रण संपल्यावर स्क्रीनवर टाळ्या वाजवणाऱ्या हातांची रांग लागली. मॅडमचे डोळे भरून आले होते. म्हणाल्या, “किती बोलकी आहे ही शांतता! या शांततेचं आपण वाचन करायला हवं.”

प्रभाबायने हात वर केला. “शांतता खंयची मॅडम? शांतता सड्यावर आसता, माणूस नसता तेव्हा. थंय अकरा माणसां होती. ओळखीची. त्येंनी म्हणाक व्हया होता, म्हणूक नाय.”

“हो, हो, तेच म्हणतेय मी,” मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या विद्यार्थ्याकडे वळल्या.

मला त्या बाईंचा आजही राग येतो. त्यांच्यामुळे प्रभाबायला प्रश्न विचारायची सवय लागली, हे मान्य. पण उत्तर समोर उभं राहिलं तेव्हा त्यांनी त्याचं कौतुक केलं. कौतुक करून पुढे जाता येतं. माझा स्वतःवरचा राग जास्त आहे, कारण मॅडम मुंबईत होत्या आणि मी चार हातांवर होते.

सर्टिफिकेट आलं. तिने ते माझ्याकडेच ठेवायला सांगितलं, तसं पहिल्या दिवशी बोललीच होती. या वर्षी तिने पुन्हा राखण दिली. पुन्हा सगळ्यांना घरोघर जाऊन सांगितलं, मलाही. “येतलंस मा?” मी हो म्हटलं आणि त्या दिवशी ओरोसला एक काम काढलं, जे फोनवर झालं असतं. नंतर कळलं की कोणीच गेलं नाही. काजीखाली एकटीने गाऱ्हाणं घातलं, कोंबडा कापलाच नाही, पिंजऱ्यासकट परत आणला. दुसऱ्या दिवशी दुकानात आली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “ओरोसाक गर्दी होती काय गो?” एवढंच. टोमणा होता की चौकशी, हे तिने मला कळू दिलं नाही. एप्रिलच्या शेवटी अंगणात काजू वाळत घालताना ती पडली. कुडाळला नेईपर्यंत संपली होती.

आज दुपारी जगूभाई आले. पांढरा शर्ट, खिशाला पेन. शोकसभेसाठी बॅनर करायचा होता. मजकूर कागदावर लिहूनच आणला होता: ‘स्त्रीशक्तीचा आवाज, परंपरेला नवी दिशा देणाऱ्या आमच्या लाडक्या वैनी’. खाली निमंत्रक म्हणून स्वतःचं नाव. मी दोनदा वाचलं.

“तिचा सर्टिफिकेट तुझ्याकडे आसा मा? ता एका बाजूक घाल,” ते म्हणाले. “आणि तू व्हिडिओ काढलंस, त्यातलो एक फोटो काढ. हातात नारळ घेतल्यानी तो. बरो दिसता.” दारापर्यंत गेले आणि परत वळले. “मी बाजूक उभो आसंय बघ. ता कापू नको.”

मी म्हटलं, “बघते.” पुन्हा तेच. माझ्या तोंडातून वेळेवर कधी काही निघत नाही. ते गेले आणि मी हे लिहायला बसले.

३ जून. सकाळी सातला दुकान उघडलं. बॅनरचा कागद पाकिटात घालून त्यावर ‘मी करणार नाही’ असं लिहिलं आणि जगूभाईंच्या घरी देऊन आले. मग ग्रामस्थांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ते अख्खं चित्रण टाकलं, पहिल्या शब्दापासून नारळ फुटेपर्यंत, काही न कापता. त्याखाली लिहिलं की प्रभावतीबाईंच्या गाऱ्हाण्याला ज्यांनी व्हय म्हटलं नाही त्यांची नावं अशी, आणि अकरा नावं क्रमाने दिली. पहिलं माझं, दुसरं जगूभाईंचं.

फोन वाजायला लागला. मी प्रिंटरची वायर काढली, झेरॉक्स मशीनला जुनी चादर गुंडाळली आणि शेजारच्या रिक्षावाल्याला हाक मारली. जगूभाईंच्या गाळ्यातलं सगळं सामान माझ्या घरच्या पडवीत न्यायला तीन खेपा लागल्या.