आईच्या गुढीचा तांब्या

माझं भांड्यांचं दुकान आहे. फळ्यांवर तांब्यांच्या रांगा आहेत. तरी पोचे आलेल्या एका जुन्या तांब्यासाठी मी सहा वर्षं सख्ख्या थोरल्या भावाकडे पाडव्याला गेलो नाही. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

तांब्या आईचा. त्याच्याशिवाय आमची गुढी कधी उभी राहिली नव्हती. शेवटी आई जयलक्ष्मीपुरमला ह्याच भावाकडे, अण्णाकडे राहत होती. ती गेली आणि तांब्या तिथेच राहिला. मला वाटलं, कुणीतरी विचारेल, "तुला आईचं काय हवं?" कुणी विचारलं नाही. मीही मागितला नाही. बन्नूरपासून टी. नरसीपूरपर्यंत गावोगाव सायकलवर बादल्या विकत जो धंदा शिकलो, त्याचा पहिला नियमच असा की मनातली वस्तू समोरच्याला दाखवायची नाही. त्या नियमावर दुकान उभं राहिलं. घरी तोच नियम पाळून मी नुसता धुसफुसत राहिलो आणि आमच्या गच्चीवर दुकानातला स्टीलचा तांब्या लावत गेलो. एका वर्षी त्याच्यावरचं लेबल काढायचं राहिलं. समोरच्या शेजाऱ्यांनी कन्नडमध्ये विचारलं, "काय सर, यंदा जाहिरात?" त्यांनी पाठवलेली होळिगे, म्हणजे आपली पुरणपोळी, खाल्ली, पण त्यांच्याशी महिनाभर बोललो नाही.

यंदा वहिनींचा फोन आला. "भावजी, ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. जिने चढायचे नाहीत. गुढी तुम्ही उभी कराल का?"

गिऱ्हाईक आपल्या पायांनी दुकानात आलं, असं मला वाटलं. आदल्या दिवशी मार्केटात आंब्याची पानं घेतानाही डोक्यात बोलणी चालू होती. आधी आढेवेढे घ्यायचे, मग गुडघ्याची चौकशी, मग सहज गप्पांत तांब्याचा विषय. त्या नादात कडुलिंबाच्या मोहोरावरून पानवालीशी इतकं भांडलो की तिने एक जुडी जास्तीची माझ्या पिशवीत कोंबली. म्हणाली, "घ्या, तुम्हाला कडू कमी पडतंय."

पाडव्याला अण्णा पाय लांब करून खुर्चीत बसला होता. रचलेलं सगळं मी विसरलो. चपला काढता काढताच म्हणालो, "गुढी लावतो. पण नंतर तांब्या माझ्या घरी येईल."

"ने की," अण्णा म्हणाला. "मत्ते, आणखी काय हवंय?"

पहिल्या बोलीलाच समोरचा हो म्हणाला की समजावं, आपण फसलो. मी भडकलो. "असा कसा देतोस? आईचा आहे तो!"

"अय्यो! मागतोस तूच, ओरडतोस तूच!"

"मग इतकी वर्षं का नाही दिलास?"

"मागितलास कधी? मला काय माहीत, भांडीवाल्याला पोचे आलेला तांब्या हवाय म्हणून!"

मी आणखी मोठ्याने ओरडणार होतो. तेवढ्यात वहिनी बेवु-बेल्ला घेऊन आल्या. "आधी कडुलिंब-गूळ खा, मग भांडा." आमच्याकडे ते थोरल्याच्या हातून घ्यायचं आणि त्यात निवडानिवड करायची नाही. अण्णाने तळहातावर चिमूट ठेवली. मी बोटाने गूळ चाचपू लागलो.

"इथेही घासाघीस?" अण्णा म्हणाला.

गच्चीवर काठीच्या टोकाला तांब्या पालथा घालताना माझे डोळे भरले. खाली येऊन मी उन्हावर ढकललं. सकाळचे साडेसात वाजले होते.

संध्याकाळी गुढी उतरवली आणि तांब्या काखेत घेतला. अण्णा काठी टेकत दारापर्यंत आला.

"पुढच्या पाडव्याला सूर्योदयाला घेऊन ये. आधी इथली गुढी."

"आधी माझी. तांब्या माझ्याकडे आहे."

"थोरला मी आहे."

"आठ वाजता आणतो."

"सूर्योदयाला."

"सात."

"सूर्योदयाला म्हटलं ना?"

सकाळी एका शब्दात आईचा तांब्या देणारा माणूस आता तसूभर हलेना. मी बाजारातली शेवटची युक्ती काढली. पाठ फिरवली आणि ताडताड फाटकापर्यंत गेलो. हाक येईना. फाटकाची कडी उगाच दोनदा वाजवली, तरी येईना. शेवटी मीच परत आलो, चपला काढल्या आणि तोवर आत जाऊन बसलेल्या अण्णाच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो.

"पावणेसात," मी म्हणालो.