रझिया बागवानचा नकार

रझिया बागवानला एका जागी बसवत नसे. शाळेत असताना ती अभ्यासही येरझाऱ्या घालत करायची. तिची आई सुगराबी म्हणायची, "फरशी झिजेल, पण ही पोरगी बसायची नाही." वडील मैनुद्दीन पुण्याच्या मार्केट यार्डात फळांचे आडते. शेतकऱ्यांची डाळिंबं, मोसंबी त्यांच्या गाळ्यावर यायची, बोली लागायची, व्यापारी माल उचलायचे आणि मैनुद्दीनभाई आपली आडत घेऊन जेवायच्या वेळेला घरी.

अहमदाबादहून एमबीए करून रझिया २०११ साली एका मोठ्या सल्लागार कंपनीत लागली. एखाद्या कारखान्याला अडचण आली की चार-पाच जणांची टीम तिथं आठ-दहा आठवडे जाऊन बसायची, सगळं तपासायची, मालकापुढं रिपोर्ट मांडायची आणि निघून यायची. पुढच्या सोमवारी दुसरं गाव, दुसरा धंदा. सिमेंट, औषधं, साड्या, ट्रकचे टायर. बॅग कधी पूर्ण रिकामी व्हायचीच नाही. रझियाला हे फार मानवलं.

पाचव्या वर्षी मात्र मनाला टोचणी लागली. इतके कारखाने पाहिले, इतक्यांना शहाणपण शिकवलं, पण पुढं कुणाचं काय झालं हे तिला ठाऊक नव्हतं. एकदा तिनं आपण होऊन नाशिकच्या एका जुन्या मालकाला फोन लावला. तो खुशीत म्हणाला, "मॅडम, रिपोर्ट फार सुंदर होता. कपाटात आहे."

त्या रात्री तिनं घरी सांगितलं, की आता गुंतवणुकीच्या धंद्यात जायचं. म्हणजे असा फंड, जो कंपन्यांमध्ये पैसे घालतो आणि मग बरं-वाईट होईपर्यंत त्यांच्याबरोबर राहतो.

मैनुद्दीनभाईंनी ताट बाजूला सारलं. "आडत्याचं बरं असतं, रझ्झू. माल नासला तर घेणाऱ्याचा. तुला घेणारी व्हायचंय?"

"हो, अब्बा."

"झोप जाईल."

"आत्ता तरी कुठं येते?"

सुगराबीचं म्हणणं निराळंच होतं. पोरगी तिशीला आली, चांगली नोकरी आहे, आता तरी घर बघावं की पुन्हा पहिलीत जाऊन बसावं?

नोकरी शोधण्यात सात महिने गेले. मुंबईच्या तीन फंडांनी नकार दिला. एकानं तोंडावर सांगितलं, "तुम्ही दोन्ही बाजू छान मांडता. पण शेवटी तुम्ही काय करणार, हे काही कळत नाही." ती हसून बाहेर पडली खरी, पण परतीच्या बसमध्ये लोणावळ्यापर्यंत हेच वाक्य डोक्यात घोळत राहिलं.

मग भांडारकर रस्त्यावरच्या एका छोट्या फंडातून बोलावणं आलं. माणसं चार. मालक यज्ञेश्वर खांबेटे, साठीचे, बोलणं मोजकं. त्यांनी तीन कंपन्यांचे ताळेबंद तिच्या हातात दिले आणि गुरुवारी यायला सांगितलं. गुरुवारी रझिया बावीस पानं घेऊन गेली. खांबेट्यांनी ती चाळली.

"टायपिंग सुबक आहे. आता सांगा, यातल्या कुठल्या कंपनीत तुम्ही तुमच्या वडिलांचे पैसे घालाल?"

"ते बऱ्याच गोष्टींवर अवलंबून—"

"त्या गोष्टी मला माहीत आहेत. कंपनीचं नाव सांगा."

रझियानं ताळेबंदांची चवड परत टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "एकीतही नाही."

"मग ही बावीस पानं कशाला?" खांबेटे म्हणाले, आणि एक तारखेपासून यायला सांगितलं. पगार आधीपेक्षा बराच कमी होता.

पहिलं वर्ष तिला जड गेलं. वाचायचं, माणसांना भेटायचं, पुन्हा वाचायचं. आठ महिन्यांत फंडानं एकाही नव्या कंपनीत पैसे घातले नाहीत. दुपारी ती उगीचच खाली उतरून रस्त्याला चक्कर मारून यायची. एकदा न राहवून म्हणाली, "सर, आपल्याकडे काही घडतच नाही." खांबेट्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नाही. "घडवायची घाई झाली असेल तर समोर फटाक्यांचं दुकान आहे."

२०१८ च्या उन्हाळ्यात टेबलावर एक फाइल आली. श्यामसुंदर नाईकनवरे यांची टोस्ट-खारीची कंपनी. रझियानं पहिलं पान उघडलं आणि फाइल पुन्हा मिटली. चार वर्षांपूर्वी याच कंपनीत ती सल्लागार म्हणून गेली होती. विश्रांतवाडीची जुनी बेकरी बंद करा आणि शिक्रापूरच्या बाजूला एकच मोठा, यंत्रांवर चालणारा कारखाना उभारा, हा सल्ला तिच्या हातचा. नाईकनवऱ्यांनी रिपोर्ट कपाटात ठेवला नव्हता. शब्दन् शब्द अमलात आणला होता. आता त्यांना दुसऱ्या कारखान्यासाठी भांडवल हवं होतं.

ती तशीच उठून खांबेट्यांच्या खोलीत गेली. "सर, हे काम दुसऱ्या कुणाला द्या. ती बेकरी मीच बंद करायला सांगितली होती."

खांबेट्यांनी चष्मा काढला. "मग तुम्हीच करा. तुम्ही कुठं चुकलात, ते दुसऱ्याला शोधायला वेळ लागेल."

नवा कारखाना लखलखीत होता. पण दुकानांतून माल परत येण्याचं प्रमाण जुन्या बेकरीच्या तिप्पट झालं होतं. तक्रार एकच: खारी सादळलेली निघते. का, ते तिथं कुणालाच सांगता येईना. जुन्या बेकरीत पॅकिंग कोण बघत होतं, असं रझियानं विचारलं. उत्तर आलं, मंदाकिनी वाघोले.

मंदाकिनीबाई आता विश्रांतवाडीत पोळी-भाजीचं दुकान चालवत होत्या. रझिया दुपारी तिथं पोचली तेव्हा त्या कणीक मळत होत्या. त्यांनी एकदाच वर पाहिलं.

"तुम्ही त्या घड्याळवाल्या ना?"

रझियानं मान हलवली.

"एक पुडा भरायला माझ्या बायकांना किती सेकंद लागतात, ते आठ दिवस लिहीत होतात. त्या सेकंदांत त्या काय करतात, ते एकदा तरी विचारलंत?"

"काय करायच्या?"

"खारी गार झालीय का, ते हात लावून बघायच्या. कोमट खारी पुड्यात गेली की आतल्या आत सादळते. उन्हाळ्यात गार व्हायला जास्त वेळ लागतो, थंडीत कमी. तुमचं यंत्र बारा महिने एकाच वेळेवर चालतं."

"किती बायका होत्या तुमच्याकडे?"

"चाळीस. बेकरी बंद होतेय, हे सगळ्यांना मीच सांगितलं. तोवर तुम्ही गेला होतात." मंदाकिनीबाईंनी कणकेवर ओलं फडकं टाकलं. "चहा विचारला असता, पण ऑर्डर आहे."

रझिया रिक्षा न करता बराच वेळ आळंदी रस्त्यानं चालत राहिली. चाळीस हा आकडा तिच्या रिपोर्टात होता. बचतीच्या रकान्यात.

पुढच्या आठवड्यात तिनं फंडाच्या बैठकीत एका ओळीत मत दिलं: पैसे घालू नयेत. खांबेट्यांनी ते मानलं. संध्याकाळी नाईकनवऱ्यांचा फोन आला.

"मॅडम, तुम्ही सांगितलं म्हणून सगळं केलं. आणि आता तुम्हीच नाही म्हणता?"

"खारी पूर्ण गार होऊ द्या, मगच भरा. मंदाकिनीबाईंना एकदा बोलवा," रझिया म्हणाली. पलीकडून फोन बंद झाला.

नाईकनवऱ्यांना मुंबईच्या एका गुंतवणूकदारानं पैसे दिले. नाईकनवऱ्यांनी मंदाकिनीबाईंना बोलावलंही. बाईंनी आधी आपली फी सांगितली, पंधरा दिवस जाऊन सगळं लावून दिलं, आणि कायमची नोकरी देऊ केली तेव्हा "रोज शिक्रापूरला कोण जाणार?" म्हणून परत आपल्या दुकानात आल्या. दोन वर्षांत नाईकनवऱ्यांची खारी चार राज्यांत जाऊ लागली. मुंबईवाल्यांचं भलं झालं.

खांबेट्यांच्या फंडात वर्षातून एकदा, नकार दिलेल्या कंपन्यांची यादी मोठ्यानं वाचली जाई. त्या वर्षी खांबेटे वाचता वाचता थांबले. "नाईकनवरे. नकार, रझिया बागवान. आपण चुकलो. का?"

रझियाला ते आधीपासून ठाऊक होतं, पण मोठ्यानं कधी म्हटलं नव्हतं. "दोष मला सापडला होता, सर. दुरुस्त करायला सोपा होता. पण मी कंपनी बघतच नव्हते. माझा जुना रिपोर्ट बघत होते. त्याची लाज वाटली आणि मी नाही म्हणाले."

खांबेट्यांनी यादीवर काहीतरी लिहिलं आणि पुढचं नाव वाचलं.

नोकरी सोडावी, असं रझियाच्या मनात त्या आठवड्यात तीनदा आलं. दुसरीकडून विचारणाही झाली होती. पण या वेळी ती गेली नाही. पुढच्या वर्षी तिनं पहिल्यांदा 'हो' म्हटलं, भोसरीतल्या शेतीपंपांच्या एका छोट्या कारखान्याला. पहिली दोन वर्षं बरी गेली, तिसऱ्या वर्षी तोटा आला. ती दर महिन्याला तिथं जाते, कामगारांशी बोलते, परत आलेले पंप स्वतः उघडून बघते.

मागच्या महिन्यात कारखान्याचे मालक दत्तोबा वैतागून म्हणाले, "मॅडम, अजून किती वर्षं येणार आहात?"

"पैसे तुमच्याकडे अडकलेत. जाणार कुठं?" रझिया म्हणाली, आणि तिनं पुढचा पंप टेबलावर ओढला.