यशोदाकाकूंना आलेला फोन

परवा माझा मोबाइल हँग झाला. मी सवयीने त्याच्या पाठीत दोन धपाटे घातले. मुलगा म्हणाला, "पप्पा, तो फोन आहे, तबला नाही." त्याने दोन बटणं दाबून धरली आणि फोन मुकाट्याने चालू झाला. त्याला काय सांगणार... आमच्या वेळी डेड फोन असाच उठवायचा असे. आणि एकदा माझ्या डोळ्यांदेखत एक फोन न उठताच बोलला, हे तर मुलाला सांगायची सोयच नाही. म्हणून या ग्रुपवर लिहितोय. इथे मला कोणी ओळखत नाही.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, हे तुम्ही सगळेच लिहिता. मी पुरावा देतो. चौकात ओवाळून टाकलेला नारळ घरी आणून त्याची चटणी खाल्लेला माणूस आहे मी. बायको, म्हणजे नीला, दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हती. मला अपचनसुद्धा झालं नाही.

नव्वद-एक्याण्णवचा सुमार. डोंबिवली पूर्वेला आमची तीन मजली इमारत, आम्ही तळमजल्यावर. नंबर लावून इतकी वर्षं झाली होती, की फोन आला त्या दिवशी आम्ही पेढे वाटले. काळा, डायलचा, वर नीलाने विणलेलं टोपडं. बिल्डिंगमध्ये एकच फोन, त्यामुळे आमचा नंबर सगळ्यांचा पीपी नंबर. कोणाचा फोन आला की नीला मोरीतल्या पाण्याच्या पाइपवर लाटण्याने टोले द्यायची. पहिल्या मजल्याला एक, दुसऱ्याला दोन आणि तिसऱ्याला तीन. पाइप गच्चीपर्यंत गेलेला, आवाज बरोबर पोचायचा.

तिसऱ्या मजल्यावर फक्त यशोदाकाकू राहायच्या. विधवा, एकट्या, माहेर बाळकुमचं, कोळीवाड्यातलं. वडिलांची होडी मोठ्या भावाने त्यांना न विचारता विकली, तेव्हा त्यांनी शपथ घेतली होती, दादूसशी बोलणार नाही. दादूस म्हणजे थोरला भाऊ. तो सणावाराला नाक्यावरच्या दुकानातून फोन करायचा. तीन टोले पडले की काकू पदराला हात पुसत खाली यायच्या, रिसीव्हर कानाला लावायच्या, पलीकडचं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घ्यायच्या आणि एक अक्षर न बोलता ठेवून द्यायच्या.

नीलाने एकदा विचारलं, "काकू, बोलायचं नाही तर येता कशाला?"

"बोलणार नाही म्हटलेलं. ऐकणार नाही कुठे म्हटलेलं?"

दर वेळी जाताना मात्र विचारायच्या, "आवाज बसल्यासारखा वाटला का गं त्याचा?" आता आम्हाला कुठून कळणार?

त्या पावसाळ्याच्या शेवटी फोन गेला. मी सगळे उपाय केले. हुक टकटक दाबला, डायल गरागरा फिरवली, बोलायच्या भोकांत फुंकर मारली, धपाटे घातले. तक्रार नोंदवली. लाइनमन काही येईना. शेवटी एका रविवारी दुपारी नीला कल्याणला माहेरी गेल्याची संधी साधून मी स्क्रूड्रायव्हर काढला. माझ्या हाताने आजवर दुरुस्त झालेली वस्तू म्हणजे फक्त छत्री, आणि तीही नंतर मिटेना.

पेपरवर फोन उघडा पडला होता. भिंतीकडची वायर मी सोडवलेली. रिसीव्हरची दोन्ही टोकं उघडून आतल्या चकत्या, ऐकायची आणि बोलायची, स्क्रूंसकट आमटीच्या वाटीत काढून ठेवलेल्या. रिसीव्हर म्हणजे नुसता पोकळ दांडा राहिला होता. हे सगळं नीट लक्षात ठेवा.

दारातून काकू आत आल्या. पदराला हात पुसत.

"कोणाचा आहे रे?"

"काय कोणाचा?"

"फोन. तीन टोले पडले की."

"काकू, नीला घरात नाही. लाटणं तिकडे डब्यावर आहे. आणि फोनची ही अवस्था. टोले कोण देणार?"

"तूच दिलेस. लवकर येत नाही म्हणून परत दिलेस," त्या चिडून म्हणाल्या आणि मी काही बोलायच्या आत खाली बसल्या. पेपरवरचा तो पोकळ दांडा उचलून त्यांनी कानाला लावला. मला हसू येत होतं. ते बाहेर पडायच्या आधीच थांबलं, कारण काकू ऐकत होत्या. त्या फोनवर नेहमी ऐकायच्या तशाच, मान जरा कलती करून. बराच वेळ. आणि मग, त्या फोनवर पहिल्यांदाच, बोलल्या.

"ऐकतंय रं दादूस... नाय. राग नाय आता. होडीचा काय घेऊन बसलास... तू नीज. मी येतंय. आताच निंगतंय."

दांडा त्यांनी अलगद पेपरवर ठेवला. डोळे कोरडे होते. "आवाज बसलाय त्याचा," मला म्हणाल्या. "मी चालले."

या बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय, एकटीला सोडणं बरं नाही, एवढंच मला कळलं. कुलूप लावलं आणि त्यांच्यासोबत निघालो. ठाण्याला उतरून रिक्षा केली. वाटेत मी दोनदा म्हणालो, "काकू, फोन बंद होता हो." दुसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "तुला काय कळतं फोनमधलं?"

बाळकुमला घराच्या ओटीवर दादूसची सून उभी होती. काकूंना बघून ती आश्चर्याने काही विचारेल असं वाटलं होतं. तिने फक्त पाय धुवायला पाणी दिलं. काकू थेट आत गेल्या.

मी सुनेला विचारलं, "तुमच्याकडून कोणी डोंबिवलीला फोन केला होता का?"

"कोण करणार? चार दिवस मामंजी तापाने पडलेत. उठून बसवत नाही त्यांना." मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "पण दुपारी त्यांनी हात असा कानाला लावला नि 'हालो, हालो' करत बोलायला लागले. होडीचं काहीतरी. आम्ही म्हटलं, भ्रम झाला. मग गप झाले, नुसते ऐकत राहिले. आणि मला म्हणाले, यशोदाबाय निघालीय, भात जास्त टाक."

"मग?"

"टाकला की. आजारी माणसाला नाही कशाला म्हणायचं?"

काकू जेवल्या. मीही जेवलो. पान वाढलं होतं.

दादूस त्या दुखण्यातून उठले. लाइनमन आला, मी केलेला पराक्रम बघून त्याने मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. पुढची काही वर्षं बहीण-भाऊ आमच्या फोनवर इतकं बोलत, की नीला त्यांना खुर्ची देऊन स्वयंपाकाला लागायची. आता दोघंही नाहीत. माझा इंजिनियर मेव्हणा म्हणतो, काकूंना भास झाला आणि दादूसना तापात भास झाला. असेल. पण दोन भास एकाच दुपारी, एकमेकांना उत्तरं देत? एवढं विचारलं की तो चहा मागतो.

दादूसना मात्र यात काही विचित्र वाटलंच नव्हतं. त्या संध्याकाळी निघताना मी आत गेलो. काकू त्यांच्या पायाशी बसल्या होत्या. दादूसनी डोळे उघडून मला विचारलं, "फोनवाले तुम्हीच ना?"

"हो."

"इतकी वरसं फोन करतंय, हिचा नुसता श्वास ऐकाला यायचा. आज आवाज आला. एकदम साफ. दुरुस्त केलात वाटतं?"

वाटीतल्या त्या दोन चकत्या माझ्या डोळ्यांपुढे आल्या. काकू माझ्याकडे बघत होत्या.

मी म्हणालो, "हो. आजच केला."