आतोबांची राहून गेलेली दोरी

आमच्या आतोबांनी हात वर केला की उज्जैन थांबतं. ही अतिशयोक्ती वाटत असेल त्याने तिथल्या नानाखेड्याला आत्याच्या घरी एक दिवस राहून बघावं. सरकारने परदेशी भागीदार घेऊन मोटारी काढल्या, तेव्हाच्या पहिल्या तुकडीतले ते कामगार. मोकळ्या माळावर कारखाना उभा राहिला, परदेशी साहेब कामगारांसारखाच गणवेश घालून कँटीनच्या रांगेत उभा राहिला आणि त्याने एक गोष्ट शिकवली: डोक्यावर दोरी आहे, काही चुकतंय असं वाटलं की कुणीही ओढा, सगळी लाइन थांबेल. आतोबा निवृत्त झाले. दोरी तिथेच राहिली, पण हाताची सवय इकडे उज्जैनला आली.

पोळीला एका बाजूला जास्त डाग पडला, हात वर. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात तर चौथ्या मंगलाष्टकाला हात वर, कारण मांडवाचा एक खांब त्यांना हलताना दिसला. भटजी गप्प, सनईवाला गप्प. आत्या दातओठ खात म्हणाली, "अहो, लग्न आहे हे, कारखाना नाही!"

"म्हणून तर," आतोबा शांतपणे म्हणाले. "ही गाडी वापस येत नाही."

खांब खरंच सुटला होता. आम्ही हसलो, पण पोटातून नाही. कारण त्या क्षणी मांडवातले पंखेही थांबले होते आणि वीज गेलेली नव्हती. असं नेहमी होई. चौकात टेम्पो थांबत ते समजू शकतं, पण झाडावरचे कावळेही थांबत, अर्ध्या ओरडण्यात. हळूहळू आम्ही त्याबद्दल बोलायचं सोडलं.

मी मात्र त्यांच्याशी कारखान्यावरून भांडत असे. लोकांच्या पैशावर उभा राहिलेला कारखाना फुगत गेला, कायम कामगारांच्या जागी कंत्राटी पोरं आली, सरकार आपला हिस्सा विकून मोकळं झालं. हे सगळं मी आमच्या चळवळीच्या पत्रकांत जळजळीत शब्दांत लिहीत होते. आतोबा चष्मा लावून वाचत. "एकदम सही, क्रांतीबाई. पण यात मी कुठंय?"

मग एकदा त्यांनी सांगितलं. मंत्री आणि परदेशी साहेब हार घालून उभे होते, पांढरी गाडी वेळेत बाहेर पडायची होती. स्टिअरिंगखालचा एक नट त्यांच्या बोटांना पाव फेरा सैल लागला. हात दोरीपर्यंत गेला. टाळ्या सुरू झाल्या. हात खाली आला.

"मला कोणी अडवलं नव्हतं. हे लिही. त्या गाडीत कोणी मेलं का, एवढंच मला कळायला पाहिजे."

तेव्हापासून जुनी पांढरी गाडी दिसली की ते मालकाला बॉनेट उघडायला लावून चासीवरचा नंबर वाचत; त्या गाडीचा नंबर त्यांना पाठ होता. एका नवरदेवालाही त्यांनी सोडलं नाही.

गेल्या कार्तिकात आम्ही भैरवगढला ठशांनी छापलेल्या चादरी आणायला गेलो. छापणाऱ्याच्या अंगणात एका जुन्या गाडीवर ओली कापडं वाळत होती. आतोबा उभे राहिले. हात खालीच होता, तरी आतली ठशांची ठकठक बंद पडली. नंबर तोच निघाला.

"भैया, इसमें कभी किसी को..." आतोबांनी चष्मा काढला.

"किसी को खरोंच तक नहीं आई, अंकल," छापणारा हसला. "अब्बा कहते थे, मोड़ पे स्टेरिंग कोई और भी पकड़ लेता है। अब तो सोमवार को भंगारवाला ले जाएगा।"

मी आत हात घालून स्टिअरिंगला बोट लावलं. गाडी सावलीत होती, सीटवर धुळीचा थर होता, पण स्टिअरिंग उबदार होतं. कुणीतरी आत्ताच तळवे उचलल्यासारखं.

आतोबांनी पाना मागितला. धुतलेल्या पायजम्यानिशी आत आडवे झाले आणि नट पाव फेरा आवळला.

"आता भंगारातच जायची आहे ती," मी म्हटलं.

"जाऊ दे. माझ्या हातून घट्ट जाऊ दे."

परतताना रिक्षात ते माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपले. नानाखेडा आलं, पण त्यांना उठवावंसं वाटेना. मी हळूच म्हटलं, "भैया, एक चक्कर और."